दुसरा गिअर कोणी धरायचा

नवघरात मला लोक 'विका मिस्त्री' म्हणत. माझं आडनाव काही विका नाही. पण कोणी गाडीचं दुखणं घेऊन गॅरेजात आला की मी बॉनेट उघडायचो, आत डोकावायचो, एक सुस्कारा सोडायचो आणि म्हणायचो, "साहेब, विकून टाका." पुष्कळदा तर बॉनेट उघडायच्या आधीच म्हणायचो. बायको अजून सांगते की एकदा घरातला मिक्सर बिघडला, तिने दुपारच्या झोपेतून मला हलवून उठवलं, तर डोळे न उघडताच मी तेच म्हणालो.

आता जो मेकॅनिक गिऱ्हाइकाला गाडी विकायला सांगतो त्याचं पोट कसं भरणार, हा प्रश्न माझ्या सासऱ्यांना फार छळायचा. लोकांना मात्र तो माझा प्रामाणिकपणा वाटायचा. "बघा, स्वतःचं नुकसान करून खरं सांगतो," असं माझ्या पाठीमागे बोललं जायचं आणि मी ते पाठीमागूनच नीट ऐकायचो. खरी गोष्ट अशी की त्यात प्रामाणिकपणा थोडा होता आणि भीती जास्त होती. मला गिअरबॉक्सची भीती वाटायची.

मुंबईतल्या ज्या मोठ्या वर्कशॉपमध्ये मी शिकलो तिथे माझी उमेदवारी ब्रेक आणि क्लचमध्ये गेली. गिअरबॉक्सचं टेबल एका कोपऱ्यात होतं आणि तिथे एक उस्ताद बसायचे. ते कोणाला जवळ येऊ देत नसत. आम्ही लांबूनच त्यांची पाठ बघून विद्या घेतली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शहरातली एक खोली सोडून आम्ही नवघरात दोन खोल्यांत आलो, नोकरीही सोडली आणि खारीगावच्या हिरामण पाटलांच्या जागेत मी पत्र्याची शेड टाकली. पाटी रंगवून घेतली, 'सर्व गाड्यांची सर्व कामे'. रंगवणाऱ्याला पाटीवर जागा उरली होती म्हणून त्याने स्वतःच्या मनाने खाली 'गिअरबॉक्स स्पेशालिस्ट' असं लिहिलं. खोडायला सांगायला मला लाज वाटली.

ज्यांचा गाडीशी संबंध फक्त मागच्या सीटपुरता आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिन जोर देतं. पण चाकांना चढावर ताकद हवी असते आणि सपाट रस्त्यावर वेग हवा असतो. हे वाटप करणारी दातेरी चाकांची एक पेटी मधे बसवलेली असते, ती गिअरबॉक्स. ती लोखंडी, बंद आणि तेलाने भरलेली असते. तिच्या आत काय बिघडलंय ते बाहेरून दिसत नाही. मिस्त्री काय करतो, तर कान लावून आवाज ऐकतो, तळातून थोडं तेल काढून बोटांवर चोळतो आणि उन्हात धरतो. तेलात पितळी चुरा चमकला की समजायचं, आतल्या कड्या झिजल्या. पण किती झिजल्या, सोबत आणखी काय गेलं, ते पेटी खाली उतरवून खोलल्याशिवाय कळत नाही. आणि एकदा खोलली की ती गाडी विकता येत नाही. खोललेल्या गिअरबॉक्सची गाडी कोणी हुंगतसुद्धा नाही. म्हणजे दुरुस्त करायची की विकायची हे पेटी बंद असतानाच ठरवावं लागतं. गिऱ्हाईक त्या वेळी अंधारात असतं. मी तर त्याच्याही पलीकडच्या अंधारात असायचो. म्हणून म्हणायचो, विका.

शिवाय आमच्याकडे खाडी आणि मिठागरं. खारा वारा गाडीचा पत्रा खालून खातो. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दाराखाली ठोकून बघायचो. ठण्ण वाजलं तर पत्रा जिवंत, भदभद वाजलं तर आत नुसता गंज. भदभद वाजलं की मला फार बरं वाटायचं, कारण मग विका म्हणायला सबळ कारण मिळायचं. एका डॉक्टरांना मी असाच त्यांचा खुळखुळा झालेला डबा विकायला लावला. ज्याने घेतला त्याने तो पुढे कित्येक वर्षं भाड्याने चालवला आणि माझ्या गॅरेजवरून जाताना न चुकता हॉर्न वाजवला. डॉक्टरांनी तेव्हापासून मला नमस्कार करणं सोडलं.

तर अशा माझ्या कीर्तीच्या भरात सोनावणे आले.

सोनावणे सरकारी खात्यात पाळीवर काम करायचे. मूळचे मराठवाड्याचे, मुंबईत चाळीत वाढलेले, आमच्यासारखेच इकडे स्वतःचं घर म्हणून आलेले. एका रिटायर साहेबाकडून त्यांनी जुनी गाडी घेतली होती. त्यांच्या सगळ्या नातेवाइकांत ही पहिली गाडी. पुढे लांबलचक एकच सीट आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूलाच, असल्या त्या जमान्याच्या गाड्या असायच्या. सोनावणे गाडी घेऊन आले तेव्हा शेजारी वहिनी बसल्या होत्या, विमलवहिनी. दोन्ही हातांनी त्यांनी गिअरचा दांडा दाबून धरला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"दुसरा गिअर राहत नाही हो," सोनावणे म्हणाले. "टाकला की निसटतो. म्हणून ही धरते."

"कधीपासून?"

"झाले बरेच महिने. आता सवय झालीय. मी टाकतो, ही धरते, तिसऱ्याला सोडते. मी सांगतसुद्धा नाही."

मी वहिनींना स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि सोनावण्यांना गाडीजवळ नेऊन सगळं समजावलं. आमच्या धंद्याची ही रीतच होती. गाडी पुरुषाची, बोलणं पुरुषाशी, बाईला स्टूल आणि चहा. तेल बोटांवर घेतलं, चोळलं, उन्हात धरलं. चांगलं चमकलं. दाराखाली ठोकलं तर दुर्दैवाने ठण्ण वाजलं. पत्रा जिवंत होता, इंजिनही गोड चालत होतं. गाडी दुरुस्त करण्यासारखी होती, म्हणजे मलाच करावी लागणार होती. मी सुस्कारा सोडला.

"साहेब, विकून टाका."

बाकड्यावर पाटील बसलेले असायचे. जागा त्यांची, त्यामुळे बाकडंही त्यांचं आणि मतही त्यांचं. ते म्हणाले, "मिस्त्री, गारी चांगली हाय. तुलाच काय जमत न्हाय."

सोनावणे हसले, पण त्यांना माझं पटलं. घरातही त्यांचा मेहुणा हेच म्हणत होता, जुनी गाडी म्हणजे पांढरा हत्ती, विका आणि मोकळे व्हा. वहिनी चहा पीत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत आणि आम्ही काही विचारलं नाही.

गिऱ्हाईकही मीच शोधलं. मीरा रोडला कांतीभाईंचं रेडिमेड कपड्यांचं दुकान होतं. त्यांना पहिली गाडी घ्यायची होती आणि त्यांचा विश्वास कोणावर, तर स्वतःचं नुकसान करून खरं सांगणाऱ्या विका मिस्त्रीवर. म्हणजे विकणाऱ्याचा सल्लागार मी आणि घेणाऱ्याचा तपासनीसही मी. एकाच लग्नात दोन्हीकडचा मामा होण्यातलाच प्रकार. तेव्हा मला त्यात अभिमान वाटला होता.

गाडी नटवायची म्हणून मी ती गॅरेजात ठेवून घेतली. आत डोकं घातलं तर आमटीचा, तळलेल्या कांद्याचा आणि सुकटीचा असा सणसणीत वास. मला वाटलं, सोनावणे खवय्ये दिसतात, गाडीत बसून जेवतात. कांतीभाई तर कांदासुद्धा न खाणारे. मी सीटा बाहेर काढून साबणाने घासल्या, पायाखालची जाजमं उन्हात टाकली, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवल्या. दिवसभर घासत होतो. गिअरबॉक्सला हात लावायचा सोडून इतकी मेहनत मी कुठल्याच गाडीवर केली नव्हती.

राहिला दुसरा गिअर. काही लोक अशा वेळी पेटीत लाकडाचा भुसा टाकून आवाज दाबतात. मी असलं पाप कधी केलं नाही, हे मी तेव्हा छाती पुढे काढून सांगायचो. मी सोनावण्यांना फक्त एवढंच म्हणालो की ट्रायलला वहिनींना रोजच्यासारखं पुढे बसू द्या. पदर जरा मोठा घ्यायला सांगा. कांतीभाईंना मी मागे बसवतो.

ट्रायलच्या दिवशी कांतीभाई पांढऱ्या झब्ब्यात आले. मी त्यांना मागच्या सीटचं इतकं कौतुक सांगितलं की ते आपणहून मागे बसले. मी त्यांच्या शेजारी बसलो. सोनावण्यांनी पहिला टाकला, गाडी निघाली. दुसरा टाकला, वहिनींचा पदर जरा हलला, गाडी सुरळीत पुढे गेली. फाटकापाशी थांबलो, पुन्हा निघालो, पुन्हा पदर हलला. सोनावण्यांच्या मानेवरून घाम वाहत होता. वहिनी शांतपणे समोर बघत होत्या.

"बहु सरस," कांतीभाई म्हणाले. "गाडी तो मक्खन छे. और भाभीजी कितनी शांती से बैठी हैं! मेरी घरवाली होती तो अभी तक चार बार ब्रेक मारने को बोलती."

मी मोठ्याने हसलो, गरजेपेक्षा जास्तच.

"मिस्त्री, आपका क्या कहना है?"

"आपके सामने है, सेठ," मी म्हणालो. हे वाक्य मी घरी बसून तयार केलं होतं. त्यात खोटं काहीच नाही असं मला वाटायचं.

"तो बस. ये इतवार को ही घरवाली और बच्चों को लेके घोडबंदर के घाट से दर्शन को निकलेंगे. मन्नत है. मेरा साला चलाएगा."

घाट म्हटल्यावर सोनावण्यांचा पाय ॲक्सिलेटरवरून जरा उठला. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरवर रोखून धरायची असते. तिथे दुसरा निसटला तर गाडी मोकळी सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. हे मला माहीत होतं, सोनावण्यांना माहीत होतं. आम्ही दोघेही गप्प बसलो. मी तर खिडकीतून मिठागरं बघायला लागलो, जणू पांढरे ढीग मी पहिल्यांदाच बघतोय.

वहिनींनी मान वळवली.

"कांतीभाई, घाट में मैं साथ में आएगी क्या?"

"आप क्यों, भाभीजी?"

"क्योंकि दूसरा गिअर मैं है," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पदरातून दोन्ही हात वर केले.

धाडकन आवाज झाला, गिअर निसटला, इंजिन केकाटलं आणि गाडी मोकळीच रेंगाळत रस्त्याच्या कडेला गेली. कांतीभाई पुढच्या सीटवर आपटले. सोनावण्यांनी ब्रेक मारला. मागून एक रिक्षावाला शिव्या देत गेला. त्या शिव्या नक्की कोणाला होत्या ते त्याला ठाऊक नव्हतं, पण मला बरोबर लागल्या.

"सोताच्या पोरांना घेऊन घाटात जाणार हाय तो माणूस," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आन् भाऊ, तुम्ही सारखं यांना इचारलं, यांनी मेहुण्याला इचारलं, या शेठला बी इचारलं. मला कुणी इचारलं का? गाडी गेली तर मी डबे काय डोक्यावर नेऊ?"

"कसले डबे?" मी म्हणालो.

तेव्हा मला कळलं. वहिनी आणि त्यांच्या बिल्डिंगमधल्या काही बाया मिळून स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना जेवणाचे डबे पुरवत होत्या. सोनावणे पाळीवर जायच्या आधी दोघं मिळून गाडीतून डबे पोचवत. पायात डबे आणि हातात गिअर, असं वहिनी रोज बसत. रिक्षात आमटी सांडायची, हातगाडीवर निवायची. गाडी होती म्हणून तो धंदा उभा होता आणि त्या सगळ्या बायांची चूल त्याच्यावर होती. सोनावण्यांच्या हिशेबी ते 'हिचं काहीतरी चाललेलं असतं' या सदरात मोडत होतं. माझ्या हिशेबी तो वास होता, आणि तो मी साबणाने घासून काढला होता.

कांतीभाई कपाळ चोळत बसले होते. मला वाटलं, आता ते मला दुकानाची पायरी चढू देणार नाहीत. पण ते हसायला लागले. हसता हसता म्हणाले, "भाभीजी, मेरी दुकान के दो आदमी रोज बाहर का खाते हैं. बिना कांदा-लसूण का बनाओगी? लेकिन वो सुकट के साथ नहीं आना चाहिए."

"अलग डिब्बे में आएगा," वहिनी म्हणाल्या. मला मात्र कांतीभाईंनी त्या दिवशी काहीच विचारलं नाही, आणि तेच जास्त झोंबलं.

गॅरेजपाशी उतरल्यावर वहिनी स्टुलाकडे गेल्या नाहीत, गाडीजवळ उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी एका बाईला विचारलं, "ताई, काय करू?" तोवर मी त्यांना वहिनी म्हणायचो, म्हणजे सोनावण्यांची बायको. त्या दिवसापासून विमलताई.

"खोला," त्या म्हणाल्या.

मी खोलली. माझी छाती इतकी धडधडत होती की पाटलांनी विचारलं, बाळंतपण तुजा हाय का गारीचा. आत बघितलं तर मी इतकी वर्षं ज्याला भीत होतो ते एवढंसं होतं. दुसऱ्या गिअरची कडी झिजलेली, गिअर जागेवर पकडून ठेवणारे दाते बोथट झालेले, एक बेअरिंग गेलेलं. कुर्ल्याच्या भंगारात फिरून मी हवे ते तुकडे मिळवले, साफ केले, बसवले, पेटी वर चढवली, तेल भरलं. हात पुसले आणि बघतो तर बाकड्यावर एक छोटी स्प्रिंग उरलेली.

पाटलांनी ती दोन बोटांत उचलली. "ह्या काय हाय? ह्या बाहेर का रायला?"

मी म्हणालो, जादा आली असेल. पाटलांनी माझ्याकडे असं बघितलं की मी निमूटपणे पेटी पुन्हा खाली उतरवली. स्प्रिंग जागेवर गेली, आणि पाटीवर रंगवणाऱ्याने लिहिलेलं थोडंफार खरं झालं. पुढे गिअरबॉक्सची बरीच कामं मी केली, काही तर पहिल्याच फेरीत जमली.

दुसरा गिअर आता आपला आपण राहू लागला. पण सोनावणे सांगायचे की पहिल्याचा दुसरा झाला की ताईंचा हात आपोआप दांड्यावर जायचा. मग एक दिवस ताई म्हणाल्या, अर्धी गाडी तर मी चालवतेच, आता पाय शिकवा. सोनावण्यांची बदली लांब झाली होती, डबे थांबणं शक्य नव्हतं. मिठागराच्या बाजूला रिकाम्या रस्त्यावर मीच शिकवलं. हात तयार होता, पाय थोडे दिवस अडखळले. नंतर नव्वदच्या दशकात नवघर, खारीगाव, कारखान्यांचा सगळा भाग ताईंची गाडी ओळखू लागला. आधी लोक कौतुकाने बघायचे, मग फक्त घड्याळात बघायचे, डबा वेळेवर आला म्हणून. मला अभिमान वाटायचा. गिअरबॉक्स दुरुस्त करायचा सल्ला माझा नव्हता, निर्णय माझा नव्हता, तरी वाटायचा.

दशक संपता संपता ताई एकदा गॅरेजात आल्या. दुसरा गिअर पुन्हा निसटत होता. दाराखाली ठोकलं, भदभद वाजलं. तरी मी स्टुलाकडे बोट न दाखवता म्हणालो, "ताई, खोलू? करून देतो. या वेळी स्प्रिंग उरणार नाही."

"नको भाऊ. टेम्पो घेतलाय. विकून टाका."

माझंच वाक्य. मी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. पत्रा खाल्लेल्या गाडीला गिऱ्हाईक कुठलं, काशिमीऱ्याच्या भंगारवाल्याशी बोलणं झालं. ताई म्हणाल्या, मी चालवते, तुम्ही बसा शेजारी. दुसरा गिअर कोणीतरी धरायला हवा.

मी बसलो. पहिला झाला, ताईंनी दुसरा टाकला, मी एका हाताने ऐटीत धरला. पहिल्याच खड्ड्यात दांड्याने असा झटका दिला की मनगटापासून खांद्यापर्यंत कळ गेली. गिअर सुटला, गाडी ओरडली.

"दोन्ही हातांनी, भाऊ," ताई म्हणाल्या. "आन् खड्ड्यात आणखी जोर लावायचा."

मी दोन्ही हात लावले. एवढा झटका असतो हे मला माहीतच नव्हतं. मी कान लावले होते, तेल चोळलं होतं, उन्हात धरलं होतं, पण दांडा कधी धरून बघितला नव्हता.

"ताई, हे तुम्ही इतके महिने धरलंत? हात दुखायचा नाही?"

"दुखायचा की. भाकरी थापताना लई दुखायचा."

"मग सोनावण्यांना सांगायचं ना."

ताई समोर बघत होत्या. "सांगितलं असतं तर ते गाडी तेव्हाच तुमच्याकडं घेऊन आले असते," त्या म्हणाल्या. "आन् तुम्ही काय म्हणता ते सगळ्या नवघरला माहीत होतं."

पुढे खड्डा दिसत होता. मी दोन्ही हातांनी गिअर दाबून धरला.